पाचवी ‘अ’ची पावलं

“मानवजातीचे दोनच भाग पडतात. एक धावणारे आणि दुसरे धावणाऱ्यांना मोजणारे. पहिल्यांमुळे जग पुढं जातं, कबूल. पण ते खरंच पुढं गेलं, की आडवं गेलं, की होतं तिथंच उड्या मारत राहिलं, हे सांगायला दुसरेच लागतात!”

हे उद्गार मूल्यमापकांनी पहिल्या मजल्यावर, लिफ्टची वाट पाहता पाहता काढले. लिफ्ट तळमजल्यावर रुतून बसली होती. वाट पाहायला लागून अकरा मिनिटं झाली होती. खाली जायला एकोणीस पायऱ्या होत्या. हा आकडा त्यांना पाठ होता, कारण इमारतीच्या नकाशावरून त्या त्यांनी मोजल्या होत्या.

“अहो, जिना आहे,” दारातून बायको म्हणाली. ती शिवणकाम करायची, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं ओठांत धरलेल्या टाचण्यांमधून वाट काढत यायचं.

“जिना आहे हे मला माहीत आहे. मुद्दा तो नाही.”

“मग मुद्दा काय आहे?”

“लिफ्ट का येत नाही, हा.”

“शाळेत साडेनवाला पोचायचंय ना? तुमची लिफ्ट येईपर्यंत पाचवीतली पोरं कॉलेजात जातील.”

मूल्यमापक कठडा धरून एकोणीस पायऱ्या उतरले. नकाशा बरोबर होता, याचं त्यांना खाली पोचल्यावर समाधान वाटलं.

शाळाशाळांतून मुलांना हलवण्या-डुलवण्याचे जे उपक्रम चालतात, त्यांचा काही उपयोग होतो की नाही हे ठरवणं, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. सकाळची कवायत, दोरीवरच्या उड्या, शाळेत चालत येण्याचा सप्ताह, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलं होतं. त्यांच्या अहवालांमुळे दोन कवायती बंद पडल्या होत्या आणि एक दोरी. कचेरीत त्यांना पाठीमागं ‘फूटपट्टी’ म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं मनोभावे ठेवून घेतलं होतं. एकतीस वर्षांत एकही अहवाल त्यांनी मागं घेतला नव्हता. लोकांना नातवंडांचा असतो तसा त्यांना या गोष्टीचा अभिमान होता.

त्यांचं एक तत्त्व होतं. मूल्यमापकानं उपक्रम स्वतःच्या डोळ्यांनी कधीही बघू नये. बघितलं की माणूस विरघळतो. एखादं पोर पडतं, एखादं हसतं, आणि आकड्यांत पाणी शिरतं. म्हणून ते शहाऐंशी पानांची मार्गदर्शिका लिहून शाळेला पाठवत, शाळा त्याबरहुकूम नोंदी करून पाठवी, आणि ते कचेरीतल्या पंख्याखाली बसून सत्य काय ते सांगत.

या शाळेतल्या उपक्रमाचं नाव ‘रोज एक तास मैदान’. पाचवीच्या दोन तुकड्या. ‘अ’ तुकडीनं रोज एक तास मैदानावर खेळायचं. ‘ब’ तुकडीनं त्या वेळात वाचनालयात जायचं. दोन्ही तुकड्यांच्या कमरेला दिवसभर पावलं मोजणारा पट्टा. सहा आठवड्यांनी आकडे जुळवायचे. निकाल चांगला लागला तर तास राहणार आणि सगळ्या वर्गांना मिळणार. वाईट लागला तर तो तास गणिताला.

निकाल लागला होता. ‘अ’ तुकडी दिवसाला सरासरी सहा हजार एकशे चाळीस पावलं चालत होती. ‘ब’ तुकडी सहा हजार पाचशे ऐंशी. म्हणजे मैदानावर जाणारी मुलं वाचनालयात जाणाऱ्या मुलांपेक्षा रोज चारशे चाळीस पावलं कमी चालत होती. दुसरा कुणी असता तर चमकला असता. मूल्यमापकांनी अहवालात लिहिलं, “खेळामुळे मुलांची हालचाल घटते, हा या अभ्यासाचा अनपेक्षित पण स्पष्ट निष्कर्ष आहे,” आणि ‘अनपेक्षित’ या शब्दावर ते मनातल्या मनात खूश झाले.

आता राहिली होती एक सही. नोंदी नियमाप्रमाणे झाल्या, असं क्रीडाशिक्षिकेनं लिहून द्यायचं होतं. तेवढ्यासाठी आज ते शाळेत आले होते.

मुख्याध्यापिकेला अख्खी शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणे. त्या उंचीनं टेबलाएवढ्याच होत्या. त्यांच्यासमोर नवं वेळापत्रक छापून तयार होतं आणि मैदानाच्या चौकोनात ‘गणित’ असं ठळक लिहिलेलं होतं.

“तुमचा अहवाल वाचला,” मोठ्या बाई म्हणाल्या. “फार आवडला. मी तर पहिल्यापासून म्हणतेय, गणितानं आजवर कुणाचा गुडघा फुटलेला नाही.”

“आकडे बोलतात, बाई. मी नुसता त्यांचा दुभाषा.”

“सोमवारी वेळापत्रक लावते फळ्यावर. सही तेवढी घेऊन टाका. त्या बघा, आल्याच.”

दारात क्रीडाशिक्षिका उभी होती. गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे बूट, आणि कपाळावर उन्हानं रेखलेली टोपीची सीमारेषा. मुलं तिला ‘शिट्टीबाई’ म्हणत. हा तास मिळवायला तिनं तीन वर्षं मोठ्या बाईंच्या दाराचा उंबरा झिजवला होता. तिनं अहवाल हातात घेतला आणि शेवटचं पान वाचलं.

“नोंदी नियमाप्रमाणे झाल्यात ना?” मूल्यमापकांनी विचारलं.

“अगदी. एक टप्पा गाळला नाही, सर. तुमच्याच पुस्तकात पान चारवर आहे ना, एकही टप्पा गाळला तर उपक्रम बाद. मी घाबरूनच होते.”

“मग सही करायला हरकत काय?”

“हरकत नाही. करते की.” तिनं पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. “फक्त आज एक तास मैदानावर येऊन बसा. मग करते.”

“मी बघत नसतो. ते माझ्या तत्त्वात बसत नाही.”

“मग सहीसुद्धा माझ्या तत्त्वात बसत नाही.”

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “जा हो, बसा तासभर. खुर्ची देते. सावलीत बसा म्हणजे तत्त्वाला ऊन लागणार नाही.”

तर असे मूल्यमापक नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा मैदानावर बसले. खुर्ची भिंतीच्या सावलीत होती. मांडीवर कोरी वही. रिकामं बसण्यापेक्षा काहीतरी मोजावं, म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ वहीशेजारी काढून ठेवलं.

घंटा झाली आणि बेचाळीस मुलं जिन्यावरून धबधब्यासारखी कोसळली. बघून कुणालाही वाटावं, आता इथं धूळ उडणार. पण शिट्टी वाजली आणि धबधबा जागच्या जागी गोठला. मुलं हजेरी क्रमांकानं रांगेत उभी राहू लागली. सतरा नंबर अठराच्या मागं गेली होती, तिला पुढं आणलं. तेवीस नंबर शौचालयात होता, त्याची वाट पाहिली. पाच मिनिटं.

मग शिट्टीबाई एकेकाच्या पट्ट्यावरचा आकडा वाचून तक्त्यात लिहू लागली. ‘खेळापूर्वीची नोंद’. ज्याचा आकडा लिहून व्हायचा तो पुतळ्यासारखा उभा राहायचा, कारण हलला तर आकडा बदलणार.

“हलू नको रे! नऊ नंबर, हललास ना? ये, परत लिहिते.”

“बाई, मला शिंक आली.”

“शिंकही मोजते ती पट्ट्यावरची डबी. उभा राहा.”

तेरा मिनिटं.

मग नाडी. मुलांनी जोड्या लावून एकमेकांची मनगटं धरली. अर्ध्या जणांना नाडी सापडेना. एकीनं जाहीर केलं की तिच्या जोडीदाराला नाडीच नाही, आणि ती रडू लागली. जोडीदारानं तिची समजूत घातली की तो जिवंत आहे. आठ मिनिटं.

मग खेळ. शिट्टी वाजताच बेचाळीस मुलं अशी सुटली की मूल्यमापकांच्या वहीची पानं वाऱ्यानं फडफडली. पकडापकडी, आरडाओरडा, एकाचा बूट हवेत, दोघी एकाच वेळी “मीच जिंकले” म्हणत एकमेकींच्या अंगावर. मूल्यमापकांनी पाहिलं आणि तत्त्वाला स्मरून नजर घड्याळाकडे वळवली. त्यामुळेच त्यांना नेमकं कळलं की नऊ मिनिटांनी शिट्टी वाजली.

परत रांग. परत एकेक आकडा. ‘खेळानंतरची नोंद’. तेरा मिनिटं. मुलं धापा टाकत निश्चल उभी होती. जमायला फार अवघड, पण सहा आठवड्यांच्या सरावानं त्यांना ते जमत होतं.

शेवटी प्रश्नावली. मुलं जमिनीवर बसून लिहू लागली. मूल्यमापकांच्या खुर्चीपाशी बसलेली एक दोन वेण्यांची मुलगी पेन्सिल चावत शिट्टीबाईला म्हणाली, “बाई, सातवा प्रश्न. ‘भरपूर खेळून झाल्यावर तुम्हाला कसं वाटलं? एक ते पाच गुण द्या.’ पण भरपूर खेळून झालंच नाही. मग काय लिहू?”

“तीन लिही.”

“कालही तीनच लिहिलं.”

“सगळे तीनच लिहितात, बाळा. लिही आणि ऊठ.”

अहवालाच्या बाविसाव्या पानावर मूल्यमापकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, “मुलांच्या उत्तरांत विलक्षण एकवाक्यता आढळली.”

प्रश्नावलीची बारा मिनिटं. घंटा. मुलं वर गेली.

मूल्यमापकांनी बेरीज केली. पाच, तेरा, आठ, तेरा, बारा. एक्कावन्न. पुन्हा केली. एक्कावन्नच. तासातली एक्कावन्न मिनिटं मुलं हलत नव्हती, आणि ती हलू नयेत अशी व्यवस्था जगात एकाच माणसानं केली होती. शहाऐंशी पानांत, आकृत्यांसकट.

“‘ब’ तुकडी या वेळात काय करते?” त्यांनी विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

“वाचनालयात जाते. दुसऱ्या मजल्यावर. पुस्तक आणायला वर, पुस्तक बदलायला वर, पाणी प्यायला खाली. त्यांच्या नोंदी दिवसाला एकदाच, घरी जाताना. त्यांना प्रश्नावलीच नाही ना, ती खेळणाऱ्यांनाच.”

“हे तुम्ही मला आधी कळवायला हवं होतं!”

“दोन पत्रं लिहिली, सर.”

पत्रं त्यांना आठवली. ‘प्रतिसादकांच्या भावना’ या नावाखाली त्यांनी ती परिशिष्टात जोडली होती. परिशिष्ट ‘ग’. परिशिष्ट ‘ग’ आजवर कुणी वाचलं नव्हतं, त्यांनीही नाही.

“आता सही करू?” शिट्टीबाईनं शांतपणे पेन उघडलं. “नोंदी नियमाप्रमाणे झाल्यात. खोटं लिहायला लागत नाहीये.”

हेच तर वाईट होतं. अहवालात एकही आकडा खोटा नव्हता. सही झाली असती, सोमवारी वेळापत्रक लागलं असतं, आणि एकतीस वर्षांची परंपरा अबाधित राहिली असती. मूल्यमापकांनी अहवाल तिच्या हातातून काढून घेतला.

“उद्या बोलू,” म्हणाले, आणि छातीशी कागद धरून निघाले.

संध्याकाळी घरी बायकोचं मशीन चालू होतं. कुणाच्या तरी कोटाची बाही जोडायची होती. मूल्यमापक कापडाच्या ढिगाशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. सांगताना दोष कुणाचा हे त्यांनी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत मांडलं, पण फिरून फिरून भोपळे चौकात, तो त्यांचाच निघत होता.

बायको हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

“माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ना,” ती म्हणाली, “त्याला आरशासमोर उभं करून ‘आता कंबर मोजते हं’ म्हटलं, की तो पोट आत ओढतो. मग त्या मापाची पँट शिवली की आठवड्यानं भांडायला येतो. म्हणून मी माप घेते असं म्हणतच नाही. गप्पा मारते. तुमचा मुलगा काय करतो, सून कशी आहे. तेवढ्यात टेप फिरवून मोकळी.”

“शास्त्रीय मोजणीत गप्पा चालत नाहीत.”

“आणि तुमच्या शास्त्रीय मोजणीत पोरं चालत नाहीत.”

मशीन पुन्हा चालू झालं.

“एकतीस वर्षांत एकही अहवाल मागं घेतला नाही मी,” ते अखेर म्हणाले.

“अहो, मी एकतीस वर्षांत किती शिवणी उसवल्या असतील! उसवलेली शिवण कुणाला दिसत नाही. चुकलेली बाही अख्ख्या गावाला दिसते.” तिनं दातांनी दोरा तोडला. “आणि उसवायचं तर ताठ मानेनं उसवावं. चोरट्यासारखं उसवलं की कापड फाटतं.”

दुसऱ्या दिवशी मूल्यमापक मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले ते एखादं पारितोषिक घ्यायला आल्यासारखे. शिट्टीबाई कपाटाला टेकून उभी होती.

“बाई,” ते गरजले, “हा अहवाल मी मागं घेतो!”

मोठ्या बाईंचा चहा बशीत सांडला. “का हो? छान होता की.”

“छान होता, अचूक होता आणि निव्वळ चुकीचा होता. या सहा आठवड्यांत मी खेळ मोजलाच नाही. मी मोजली माझी स्वतःची मोजणी. आणि ती मुलांच्या हालचालीला अत्यंत घातक आहे, असा माझा ठाम निष्कर्ष आहे. आकडे निर्विवाद आहेत. तासाला एक्कावन्न मिनिटं.”

कबुली द्यावी तर अशी. ऐकणाऱ्याला वाटावं, चूक करायलाही याच्याच योग्यतेचा माणूस लागतो.

“म्हणजे वेळापत्रक?” मोठ्या बाईंनी छापलेल्या कागदावर हात ठेवला.

“दोन आठवडे थांबा. पट्टे राहू देत. सकाळी मुलं स्वतः बांधतील, संध्याकाळी जाताना डब्यात टाकतील, दोन्ही तुकड्या सारख्याच. आकडे मुलं गेल्यावर वाचायचे. मैदानावर वही नाही, रांग नाही, नाडी नाही, सातवा प्रश्न नाही. आणि मी नाही.”

“आणि दोन आठवड्यांनी आकडे पुन्हा कमीच आले तर?” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या काही गणिताच्या उगीच भक्त नव्हत्या.

मूल्यमापकांनी शिट्टीबाईकडे पाहिलं. तिनं शिट्टी मुठीत घट्ट धरली होती.

“तर गणित,” ती म्हणाली. “मी स्वतः फळ्यावर लावीन वेळापत्रक. टाचण्याही माझ्या.”

ते दोन आठवडे मूल्यमापकांना जड गेले. कचेरीत पंख्याखाली बसून ते दिवसातून चारदा फोनकडे बघत आणि एकदाही उचलत नसत, कारण विचारपूस हीदेखील एक मोजणीच, असं आता त्यांचं मत झालं होतं. शहाऐंशी पानांतली चौऱ्याऐंशी पानं त्यांनी लाल शाईनं उभी कापली. उरलेल्या दोन पानांपैकी एक मुखपृष्ठ होतं.

पंधराव्या दिवशी आकडे आले. ‘ब’ तुकडी सहा हजार पाचशे साठ, म्हणजे जवळजवळ होती तिथंच. ‘अ’ तुकडी नऊ हजार तीनशे.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग त्यांनी स्वतः वजाबाकी केली, कारण दुसऱ्याच्या वजाबाकीवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

“दोन हजार सातशे चाळीस,” त्या म्हणाल्या.

“बरोबर,” मूल्यमापक म्हणाले.

“गणिताच्या बाईंना काय सांगू आता?”

“सांगा, तुमच्याच विषयानं तुम्हाला हरवलं.”

मोठ्या बाईंना हसू आवरेना. त्यांनी छापील वेळापत्रक घेतलं, ‘गणित’वर काट मारली आणि वर स्वच्छ अक्षरांत ‘मैदान’ लिहिलं. पाचवीच्याच नाही, तर तिसरीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या चौकोनांत. शिट्टीबाईनं शिट्टी ओठांशी नेली, भान आलं, आणि न वाजवता खाली सोडली. डोळे मात्र भरून आले होते. ते लपवायला ती म्हणाली, “मुलांचा तास सुरू झाला असेल. जाते.”

“थांबा,” मूल्यमापक म्हणाले. “ही बातमी मुलांना मी स्वतः सांगणार. मुलांना कळलं पाहिजे, त्यांनी काय कमावलं ते.”

मैदानावर दोन संघ पडले होते. चुन्याच्या रेषा ताज्या आखलेल्या होत्या. मूल्यमापक ऐटीत मध्यभागी गेले आणि हात वर करताच बेचाळीस मुलं सवयीनं पुतळे झाली.

“मुलांनो!” त्यांचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत आला. “आज तुम्ही इतिहास घडवला आहे. तुमच्या पावलांनी एक शहाऐंशी पानी ग्रंथ तुडवला, आणि तो तुडवण्याच्याच लायकीचा होता, हे सांगायला त्याचा लेखकच तुमच्यासमोर उभा आहे. उद्या मोठे व्हाल, तेव्हा कुणी विचारील, या शाळेत रोज एक तास मैदान कुणी आणलं? तेव्हा छाती पुढं काढून सांगा, आम्ही आणलं, आमच्या पायांनी आणलं! सत्य हे कागदावर नसतं, मुलांनो. सत्य हे...”

सत्य कुठं असतं हे सांगायला त्यांना आणखी सहा मिनिटं लागली. एकही मूल हललं नाही. शिट्टीबाईनं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी पुढच्या ओळीतल्या एका लहानशा मुलीनं हात वर केला.

मूल्यमापक गहिवरले. “बोल बाळा, बोल. मनात काय आलं ते निःसंकोच बोल.”

“काका,” ती म्हणाली, “जरा मागं सरकता का? तुम्ही रेषेवर उभे आहात.”